गोळीचे टोक

१८९८ सालच्या सुरुवातीला सुदानात, नाईलकाठच्या छावणीत, गोरे शिपाई कानशी घेऊन बसले होते. काम कंटाळवाणे होते. पेट्यांमधून .३०३ ची काडतुसे काढायची आणि एकेका गोळीचे टोक घासून वरचे धातूचे कवच काढायचे. आतले शिसे उघडे पडले की काडतूस परत पेटीत. हुकूम ब्रिटिश ब्रिगेडचा सेनापती विल्यम गॅटेकर याचा होता. शिपायांना अंगमेहनतीला जुंपण्याबद्दल हा गृहस्थ आधीपासूनच प्रसिद्ध होता.

मुंबईकरांना हे नाव नवीन नव्हते. वर्षभरापूर्वी, १८९७ च्या प्लेगात, मुंबईच्या प्लेग समितीचा अध्यक्ष हाच गॅटेकर होता. पुण्यात रँड, मुंबईत गॅटेकर. चापेकर बंधूंमुळे रँडचे नाव आपल्या इतिहासात कायमचे राहिले. गॅटेकर मात्र शाळेच्या पुस्तकातही सापडत नाही. काडतुसाच्या इतिहासात तो पुन्हा पुन्हा भेटतो. कानशीची कल्पना त्याला सुचली त्याचे मूळ हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर होते, आणि ती कल्पना कारखान्यात आधीच उतरली होती. तो कारखाना कलकत्त्याजवळच्या दमदमला होता.

दमदम ही बंगालच्या तोफखान्याची जुनी छावणी. काडतुसाशी तिचे नाव पहिल्यांदा जोडले गेले ते जानेवारी १८५७ मध्ये. तिथल्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे पाण्यासाठी लोटा मागितला, शिपायाने जातीचे कारण सांगून नकार दिला, तेव्हा खलाशी म्हणाला की थोडे थांबा, गायीडुकराची चरबी लावलेली काडतुसे तोंडाने फोडायची वेळ आली की तुमची जात कुठे राहते ते बघू. हा किस्सा आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. त्यामागचे यंत्र मात्र फारसे कोणी सांगत नाही.

त्या काळी काडतूस म्हणजे कागदाची सुरळी. आत मोजून घातलेली काळी दारू आणि जवळपास १५ मिलिमीटर जाडीची शिशाची गोळी. शिपाई सुरळीचे टोक दातांनी फाडायचा, दारू नळीच्या तोंडातून ओतायचा आणि गोळी गजाने ठासायचा. आधीच्या बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असे, त्यामुळे सैलशी गोळी सहज खाली जाई. नव्या एनफिल्ड रायफलीच्या नळीत फिरते आटे होते. गोळी आट्यांत नीट बसली तर ती फिरत, सरळ आणि दूर जाते. पण अशी घट्ट बसणारी गोळी वरून ठासणार कशी? फ्रेंचांनी तोडगा काढला. गोळी नळीपेक्षा किंचित बारीक ठेवायची आणि तिचे बूड पोकळ करायचे. बार उडाला की दारूच्या दाबाने बूड फुगते आणि आट्यांना चिकटते. ती खाली सरकावी आणि नळीत काजळी धरू नये म्हणून सुरळीच्या खालच्या भागाला चरबी आणि मेण लावायचे. सगळा वाद या चरबीचा.

नंतर सरकारने शिपायांना स्वतःचे मेण आणि तेल वापरायची मुभा दिली. काडतूस दातांऐवजी हाताने फाडावे, असा कवायतीत बदलही केला. उपयोग झाला नाही. संशय आता कागदाच्या चकाकीवर गेला होता. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे पुढे झाला आणि पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

मला यातली त्यानंतरची गोष्ट जास्त बोलकी वाटते. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी देशी पलटणींसाठी मुद्दाम नवी बंदूक बनवली. बाहेरून एनफिल्डसारखी, पण नळीत आटे नाहीत. म्हणजे कारखान्याने जाणूनबुजून वाईट नेम धरणारे हत्यार तयार केले. तोफा तर डोंगरी तोफखान्याचे थोडे अपवाद सोडता देशी माणसांच्या हातून काढूनच घेतल्या. तेव्हापासून एक अलिखित रीत पडली: देशी शिपायाचे हत्यार गोऱ्या शिपायाच्या मागे एक पिढी असायचे. गोऱ्यांना मागून भरायची स्नायडर मिळाली तेव्हा आपल्यांकडे ठासणीच्या बंदुका होत्या. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा आपल्यांकडे स्नायडर आली. गोऱ्यांच्या हाती ली-मेटफर्ड आल्यावर जुन्या मार्टिन्या आपल्या पलटणींत उतरल्या. ही पायरी पुढे एका मजेदार उलटसुलटीला कारण झाली. ते ओघात येईलच.

स्नायडरबरोबर कागदाचे दिवस संपले. वुलिचच्या शाही प्रयोगशाळेचा प्रमुख एडवर्ड बॉक्सर याने पातळ पितळी पत्रा गुंडाळून काडतूस केले. दारू, गोळी आणि ठिणगी देणारी टोपी, तिन्ही एकाच पुंगळीत. बार होताना पितळ फुगून नळीच्या मागच्या फटी बुजवते, त्यामुळे धूर आणि आग शिपायाच्या तोंडावर येत नाही. पितळी काडतुसांच्या याच सुरुवातीच्या काळात, १८६९ साली, पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. त्याच्या पुंगळ्यांच्या बुडावर पुढे ‘के एफ’ ही अक्षरे येऊ लागली.

१८७१ च्या मार्टिनी-हेन्रीचे काडतूस हे काळ्या दारूचे शेवटचे मोठे काडतूस म्हणता येईल. गोळी साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास, वजन ३१ ग्रॅम, मऊ शिशाची. मागे साडेपाच ग्रॅम दारू. खांद्याला जबर धक्का बसे, धुराचा ढग उठे आणि तापलेल्या बंदुकीत पत्र्याची पुंगळी अडकून बसे. सुदानच्या वाळवंटात १८८५ साली अबू क्लीच्या लढाईत या अडकण्याने शिपायांचे जीव गेले. तरी एक गोष्ट तिच्या शत्रूंनीही मान्य केली असती: तिची गोळी ज्याला लागली तो जागीच बसला.

नव्या युगाची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. पॉल व्हिएल या रसायनशास्त्रज्ञाने १८८४ साली जवळजवळ धूर न करणारी दारू बनवली. काळी दारू जळाल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपात उरतो. तोच धूर आणि तीच काजळी. नवी दारू जवळपास सगळी वायू होते. तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त जोर मिळू लागला. १८८६ साली फ्रेंचांनी या दारूवर चालणारी ८ मिलिमीटरची लेबेल रायफल काढली आणि युरोपातली बाकीची सगळी शस्त्रागारे एका दिवसात जुनी झाली. गोळी लहान करता येते, वेग वाढवता येतो, शिपाई दुप्पट काडतुसे बाळगू शकतो. फक्त एवढ्या वेगाने आट्यांतून जाताना मऊ शिसे फाटते. म्हणून स्विस अधिकारी एडुआर्ड रुबिन याच्या पद्धतीप्रमाणे गोळीला कठीण धातूचे कवच चढवले जाऊ लागले.

इंग्रजांनी घाई केली, पण अर्धवट. १८८८ च्या अखेरीस त्यांनी .३०३ इंचाचे, म्हणजे ७.७ मिलिमीटरचे, काडतूस स्वीकारले. गोळी नवी, कवचाची, १४ ग्रॅमची. दारू मात्र अजून काळीच, दाबून केलेल्या वडीच्या रूपात. धूरविरहित दारू त्यांच्याकडे तयारच नव्हती. ती आली फ्रेडरिक एबेल आणि जेम्स ड्यूअर यांच्या कॉर्डाइटमधून. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि थोडे व्हॅसलीन मळून त्याच्या शेवयांसारख्या लांब दोऱ्या काढायच्या आणि त्यांची जुडी पुंगळीत भरायची. आल्फ्रेड नोबेलने ही आपल्या शोधाची चोरी आहे म्हणून दावा लावला आणि तो हरला. कॉर्डाइट भरल्यावर .३०३ ची गोळी सेकंदाला ६०० मीटर वेगाने सुटू लागली. आपल्याकडे नंतर पोलिसांच्या खांद्यावर तीन पिढ्या दिसलेली ‘थ्री नॉट थ्री’ ती हीच.

१८९५ साली तिची पहिली खरी परीक्षा झाली. वायव्य सरहद्दीवरच्या चित्रालच्या किल्ल्यात रॉबर्टसन नावाचा इंग्रज अधिकारी वेढ्यात अडकला. किल्ल्यातल्या फौजेचा प्रमुख होता कॅप्टन चार्ल्स टाउनशेंड; १९१६ साली मराठा पलटणींसह कुतच्या वेढ्यात सापडून तुर्कांना शरण गेला तो हाच. सुटकेसाठी सर रॉबर्ट लो याच्या हाताखाली मोठी फौज निघाली आणि तिच्या एका ब्रिगेडचा प्रमुख होता गॅटेकर. ३ एप्रिलला मलाकंदची खिंड घेतली गेली. पण लढाईनंतर शिपायांची एक तक्रार सगळीकडे पसरली: नव्या रायफलीची गोळी पठाणाला लागते, आरपार जाते आणि तो धावत येतच राहतो. कवच असलेली बारीक, वेगवान गोळी मांसातून स्वच्छ भोक पाडून पलीकडे जात होती. हाड लागले तर गोष्ट वेगळी. तंबूंतल्या अशा गप्पांत अतिशयोक्ती किती आणि खरे किती, हे वेगळे काढणे कठीणच. पण शिपायाचा आपल्या हत्यारावरचा विश्वास उडाला हे खरे, आणि वरिष्ठांना तेवढे पुरे होते.

उत्तर दमदमच्या कारखान्यात निघाले. तिथला अधीक्षक कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने गोळीच्या नाकावरचे कवच जरासे, सुमारे एक मिलिमीटर, मोकळे ठेवले. शरीरात शिरताच उघडे शिसे पसरते आणि गोळी छत्रीसारखी फुलते. कल्पना त्याची स्वतःची नव्हती. शिकारी मंडळी हे कित्येक वर्षे करत होती. लंडनच्या जेम्स पर्डीने १८५६ पासून ‘एक्सप्रेस’ नावाने वेगवान शिकारी रायफली विकल्या आणि त्या जातीच्या रायफलींतून पुढे टोकाला पोकळी असलेल्या शिशाच्या गोळ्या सर्रास उडू लागल्या. शिकाऱ्यांच्या जगात अशी गोळी दयाळू समजली जाते. जनावर जखमी होऊन रानात तडफडत फिरण्यापेक्षा जागीच पडलेले बरे. बर्टी-क्लेने शिकारखान्यातली युक्ती सरळ फौजेत आणली आणि जगातल्या सगळ्या भाषांना ‘दमदम’ हा शब्द दिला.

१८९७ साली सरहद्द पेटली. मलाकंद, मग तिराह. त्याच वर्षी इकडे पुण्यात रँडचा खून झाला आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला; लंडनमध्ये राणीच्या कारकिर्दीची साठ वर्षे साजरी होत होती. तिराहच्या मोहिमेत गोऱ्या पलटणींना दमदम गोळ्या मिळाल्या. तरुण विन्स्टन चर्चिल मलाकंदच्या फौजेबरोबर होता आणि त्याने या गोळीचे गुणगान आपल्या पहिल्याच पुस्तकात केले.

आता ती उलटसुलट. त्याच वर्षी सप्टेंबरच्या १२ तारखेला सारागढीच्या चौकीत २१ शीख शिपाई हजारो पठाणांशी लढून मेले. ‘केसरी’ चित्रपटामुळे ही लढाई आता घरोघरी माहीत आहे. त्यांच्या हातात मार्टिनी-हेन्री होत्या, कारण देशी पलटणींना ली-मेटफर्ड द्यायची नव्हती. पण मार्टिनीच्या ३१ ग्रॅमच्या मऊ शिशाला दमदमची गरजच नव्हती. ते मुळातच पसरत होते. गोळी माणसाला थांबवत नाही ही तक्रार फक्त त्या नव्या, विश्वासातल्या, गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या रायफलीची होती. १८५७ च्या भीतीतून ज्यांना मुद्दाम मागे ठेवले होते, त्यांची गोळी अंगात लागल्यावर जास्त परिणाम करत होती. दमदमच्या शोधाबद्दल लिहिणारे लेखक हे क्वचितच नोंदवतात, आणि मला ते त्या सगळ्या प्रकरणाचे मर्म वाटते.

सुदानात गॅटेकरकडे दमदम गोळ्या नव्हत्या, साधी, बंद कवचाची मार्क दोनची, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीची, काडतुसे होती. म्हणून कानशी. तशा घासलेल्या गोळ्या घेऊन त्याची ब्रिगेड ८ एप्रिल १८९८ ला अटबाराला लढली. सप्टेंबरात ओमदुर्मानला कारखान्यात बनलेली, टोकाला पोकळी असलेली मार्क चारची गोळी आली. त्या एका सकाळी महदीच्या पंथाचे दहा हजारांहून अधिक सुदानी सैनिक मेले. इंग्रज आणि इजिप्शियन बाजूचे पन्नासच्या आत. मॅक्झिम मशीनगन आणि तोफखान्याचा त्यात मोठा वाटा होता, पण युरोपातल्या वर्तमानपत्रांच्या डोळ्यांपुढे गोळी आली.

जर्मनीत ट्युबिंगेनचा शल्यचिकित्सक पॉल फॉन ब्रुन्स याने पसरणाऱ्या गोळ्यांचे प्रयोग करून त्यांच्या भयंकर जखमांची वर्णने छापली. इंग्रज चिडले, आणि यात त्यांचे म्हणणे बरोबर होते: ब्रुन्सने वापरलेल्या शिकारी गोळ्यांत शिसे दमदमपेक्षा कितीतरी जास्त उघडे होते. पण मत तयार झाले होते. १८९९ च्या हेग परिषदेत शरीरात पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालणारा जाहीरनामा आला. इंग्लंडच्या वतीने सर जॉन आर्डा उभा राहिला. त्याच्या युक्तिवादाचा गाभा असा की, सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की गुपचूप रुग्णवाहिकेकडे जातो, रानटी मात्र जखमी होऊनही चालून येतो. म्हणून रानटीसाठी वेगळी गोळी लागते. साम्राज्य आतून कसे विचार करते हे इतक्या उघडपणे सांगणारे भाषण विरळाच. मतदानात २२ देश बंदीच्या बाजूने, इंग्लंड आणि अमेरिका विरोधात, पोर्तुगाल तटस्थ. आपण दमदमला जे बनवतो ते जगाला चालत नाही, हे इंग्लंडने शेवटी १९०७ साली मान्य करून सही केली. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात तोवर साधी मार्क दोनच वापरली गेली होती. मार्क चारच्या गोळ्यांचे शिसे तापलेल्या नळीतून पुढे निघून कवच आतच अडकते असे दिसल्यामुळे इंग्रजांना त्या सोडणे तसे जड गेले नाही.

१९१० साली .३०३ ची मार्क सातची टोकदार गोळी आली. साडेअकरा ग्रॅमपेक्षा थोडी कमी, सेकंदाला ७४० मीटरच्या घरात. कवच पूर्ण बंद, हेगच्या कागदाला कुठेही धक्का नाही. पण टोकाच्या आत शिशाऐवजी ॲल्युमिनियम भरलेले, त्यामुळे वजन मागे. मांसात शिरली की ती कोलांटी घेते. कायद्याची अक्षरे पाळून दमदमचे निम्मे काम तिने केले. १९१४ च्या शरदात मार्सेय बंदरात उतरलेल्या हिंदी फौजेला आपल्या जुन्या रायफली बदलून या गोळीसाठी केलेल्या नव्या रायफली घ्याव्या लागल्या. एक पिढी मागे ठेवण्याची रीत तिथे, फ्रान्सच्या धक्क्यावर, निकडीने मोडली.

गॅटेकर तोवर हयात नव्हता. १० डिसेंबर १८९९ ला दक्षिण आफ्रिकेत स्टॉर्मबर्गला रात्रीच्या अंधारात वाट चुकून त्याने फौज बोअरांच्या तोंडी दिली आणि माघारीत शेकडो शिपाई मागेच विसरले गेले. सरसेनापती रॉबर्ट्सने त्याला मायदेशी पाठवले. बोअरांच्या हाती ७ मिलिमीटरची जर्मन मॉझर होती, धूर न करणारी, सपाट जाणारी. इंग्रज तिच्यावर इतके भाळले की लंडनच्या रिग्बीने तेच काडतूस ‘.२७५’ असे इंग्रजी नाव देऊन शिकाऱ्यांना विकले. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ साली संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नराने जिम कॉर्बेटला बक्षीस दिली ती हीच रिग्बी. रुद्रप्रयागचा बिबळ्या १९२६ साली तिच्याच गोळीने मेला.

संस्थानिकांच्या शिकारीबद्दल लिहायला बसलो तर वेगळा लेख लागेल. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी वाघाच्या शिकारीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. सुरगुजाच्या महाराजांच्या नावावर अकराशेहून अधिक वाघ सांगितले जातात. सामान्य माणसाच्या वाट्याला मात्र कायदा आला. लिटनच्या १८७८ च्या हत्यार कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बंद झाली होतीच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने .४५० जाडीच्या रायफली हिंदुस्थानात आणायलाच मनाई केली. कारण सरहद्दीपलीकडे फिरणाऱ्या चोरलेल्या मार्टिन्यांना त्याच जाडीच्या गोळ्या चालल्या असत्या. रिग्बीची .४५० ही हत्ती आणि गव्यासाठीची उत्तम रायफल एका फटक्यात हिंदुस्थानच्या बाजारातून गेली. मग लंडनचे बंदूकवाले कामाला लागले: .४६५, .४७०, .४७५, .४७६. आज दुर्मिळ रायफलींच्या लिलावात लोक या आकड्यांची वर्णने मोठ्या रसिकतेने वाचतात. त्यांतल्या बहुतेकांचा जन्म बाजारपेठेच्या कायद्यातून झाला. गव्याला काही हजारांश इंचाचा फरक कळत नाही.

हाच न्याय .३०३ ला लागला. सैन्याचे काडतूस प्रजेच्या हाती नको. म्हणून बर्मिंगहॅमच्या बीएसएने ऑस्ट्रियन मॅन्लिखरच्या ८ मिलिमीटर काडतुसासाठी ली पद्धतीची रायफल बनवून हिंदुस्थानात .३१५ या नावाने विकली. .३०३ पेक्षा इंचाचे १२ हजारांश जाड, पण कायद्याच्या कक्षेत. स्वातंत्र्यानंतरही हाच नियम आणि हाच आकडा राहिला. ईशापूरच्या कारखान्याने .३१५ ची शिकारी रायफल बनवली, काडतुसे खडकीने. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारच संपली, तरी .३१५ राहिली: शेतराखणीला, बँकेच्या पहारेकऱ्याला, घरच्या प्रतिष्ठेला.

फौजेने .३०३ सोडली ती १९६२ च्या हिमालयातल्या धड्यानंतर. पोलिसांनी सोडायला बराच वेळ घेतला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेऊन आलेल्यांसमोर उभ्या राहिलेल्या काही पोलिसांच्या हातात १८८८ सालच्या त्या काडतुसाचीच रायफल होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला २६ जानेवारी २०२० च्या संचलनात.

.३१५ ला निरोप कोणी दिलेला नाही. सैन्याच्या गोळ्या लोकांच्या हाती पडू नयेत म्हणून जो आकडा बाजारात आला, तोच आज उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या गावठी कट्ट्यांचा नेहमीचा आकडा आहे. पंचनाम्यांत बारा बोअरच्या शेजारी तो सतत दिसतो. कारण सरळ आहे: परवान्यावर मिळणारे रायफलीचे काडतूस म्हटले की देशात मुख्यतः हेच, आणि कट्टा बनवणारा लोहार नळी मिळणाऱ्या काडतुसाच्या मापानेच ठेवतो.